पर्डनबाईंच्या टेबलावरचा उपडा पेला

वॉशिंग्टनच्या टेकडीवर त्या काळी दोनच गोष्टी मुबलक होत्या. एक चिखल आणि दुसरी भाषणं. चिखलाला कुणाचाच इलाज नव्हता. भाषणांना मात्र दुपार कलली की भूक लागायची, आणि मग भाषणं करणारे सगळे जण कोट झटकत आपापल्या खाणावळीकडे वळायचे. त्यातले दहा जण किझाया पर्डन या विधवाबाईंकडे राहायला आणि जेवायला होते. टेकडीवर तिला सगळे पर्डनबाई म्हणायचे.

बाई मूळची फिलाडेल्फियाची. नवरा जहाजांची शिडं शिवायचा. पिवळ्या तापाच्या उन्हाळ्यात सकाळी अंग दुखतंय म्हणून आडवा झाला तो उठलाच नाही. पदरी ना मूल ना बाळ. रडून पोट भरत नाही हे कळल्यावर बाईनं घरात चार खाटा टाकल्या आणि प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांना जेवू घालायला लागली, कारण अमेरिकेची राजधानी तेव्हा तिथंच होती. पुढे सरकारनं बोचकं बांधलं आणि पोटोमॅक नदीकाठच्या या रानात यायचं ठरवलं. बाईनंही बोचकं बांधलं. घर बहिणीच्या नवऱ्याला देऊन टाकलं आणि अक्रोडाचं लांबलचक टेबल बैलगाडीवर चढवलं.

बहीण टॅबिथा दारात उभी राहून म्हणाली, "अगं, रान आहे ते! चिखलात चालली आहेस, चिखलातच बसशील."

"बसले तर बसले," बाई म्हणाली, "तुला हात द्यायला बोलावणार नाही."

तोंडानं असं बोलली खरी, पण खरं कारण वेगळंच होतं. त्या शहरात प्रत्येक वळणावर तिला नवरा दिसायचा. म्हणून तिथं परत जायचं नव्हतं, आणि हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त डॉर्कसला.

डॉर्कस तिची स्वयंपाकीण. मेरीलँडच्या एका जमीनदाराची गुलाम म्हणून जन्मली आणि वर्षानुवर्षं धुणी धुऊन, पाव भाजून स्वतःच्या कमाईनं स्वतःला सोडवून घेतलेली. ती कुणालाच भीत नसे. जेवणानंतर साहेबलोक स्वातंत्र्यावर बोलायला लागले की ती ताटं जरा जोरातच उचलायची. "ज्यांच्या घरी माणसं बांधलेली, त्यांनाच स्वातंत्र्याचा फार पुळका," असं ती स्वयंपाकघरात बाईला ऐकवायची.

आता मुद्द्याचं. टेकडीवर खाणावळी कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक इथं एकाच टेबलाला बसायचे. पर्डनबाईंकडे कनेक्टिकटचे एलिफलेट थ्रॉल होते, फेडरलिस्ट पक्षाचे, लांब नाकाचे आणि दम्याचे. त्यांच्या बरोबर समोर नॉर्थ कॅरोलायनाचे लिटलबरी गॅस्किन बसायचे, रिपब्लिकन पक्षाचे, गोल पोटाचे आणि एका डोळ्यानं अधू. टेबलाला बसायचा मान जुनेपणावर. शेकोटीजवळच्या दोन खुर्च्या या दोघांच्या, कारण सगळ्यांत जुने भाडेकरू हेच. सभागृहात गॅस्किन हो म्हणाले की थ्रॉल नाही म्हणणार, हे मतदानाला नावं पुकारणाऱ्या क्लार्कलासुद्धा पाठ होतं. पण घरी आल्यावर एकमेकांना बटाटे वाढत होते हो!

हे सगळं जहाजबंदीनं नासवलं. इंग्लंड आणि फ्रान्सच्या लढाईत आपली जहाजं भरडली जायला नकोत, म्हणून सरकारनं ती सगळी बंदरातच बांधून ठेवली. थ्रॉलच्या गावाचं पोट जहाजांवर. डिसेंबरातल्या एका दिवशी जेवण झालं, टेबलावरचं कापड निघालं, वाइन आली. अशा वेळी एकेकानं उठून कुणाच्या तरी नावानं पेला उंचावायचा आणि सगळ्यांनी प्यायचं, हा रिवाज. गॅस्किन उठले आणि म्हणाले, "आपल्या जहाजबंदीच्या नावानं! इंग्लंडची मस्ती तीच उतरवणार!"

थ्रॉलनी आपला भरलेला पेला सगळ्यांदेखत टेबलावर उपडा घातला.

वाइन वाहत गेली ती थेट गॅस्किनच्या नव्या पिवळ्या विजारीवर. पेला उपडा घालणं म्हणजे तोंडावर थुंकणं. दुसरीकडे असतं तर पहाटे द्वंद्वासाठी पिस्तुलं निघाली असती. पण थ्रॉलना थंडीत श्वास लागायचा आणि गॅस्किनना दहा पावलांवरचं झाड दिसायचं नाही, म्हणून दोघांनी अबोल्यावर भागवलं. अक्रोडाच्या लाकडावर वाइनचा गोल डाग राहिला. बाईनं मेण घासलं, राख घासली, डाग जाईना. आणि त्या दिवसापासून थ्रॉल जेवायला बसले की पहिलं काम कोणतं, तर पेला उचलायचा आणि त्या डागावर उपडा ठेवायचा.

मग बाईच्या गळ्यात दोन राज्यांमधली वकिली पडली.

"बाई, त्या गाढवाला सांगा, मीठदाणी त्याच्या बापाची नाही," थ्रॉल म्हणायचे.

बाई टेबलाला वळसा घालून गॅस्किनना सांगायची, "थ्रॉलसाहेब मीठ मागताहेत, तुमचं झालं असेल तर."

"त्या वाळक्या बोंबलाला सांगा, जहाजातून मागव म्हणावं!"

बाई वळसा घालून परत यायची. "गॅस्किनसाहेब म्हणतात, अवश्य घ्या."

दोघांनाही समोरच्याचे मूळ शब्द ऐकू यायचे. तरी बाईकडून गोड झालेला निरोप आल्याशिवाय कुणी हात पुढे करत नसे. डॉर्कस दारात उभी राहून तोंडाला एप्रन लावून हसायची. "बाई, तुम्हाला लंडनला पाठवा," म्हणायची, "युद्धच टळेल."

फेब्रुवारीत मात्र हसणं थांबलं. सभागृहात ठराव आला, राजधानी परत फिलाडेल्फियाला न्यावी. इथं चिखल, इथं ताप, इथं नाटक नाही की धड दुकान नाही. नव्यानं आलेले आणि कंटाळलेले कितीतरी जण खुशीत आले. मतं इतकी अटीतटीची की टेकडीवरचा न्हावीसुद्धा गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून विचारायचा, "साहेब, जाणार की राहणार?"

बाईची झोप उडाली. राजधानी गेली तर या घराचं काय करायचं? रानात गाई बांधायच्या? आणि परत जायचं ते टॅबिथाच्या दारात, त्याच गल्ल्यांमधून, त्याच वळणांवरून!

"गॅस्किनसाहेब राहा म्हणणार, ते पक्के आहेत," ती डॉर्कसला म्हणाली. "आणि ते राहा म्हणाले की थ्रॉलसाहेब चला म्हणणार. त्यांनाच वळवायला हवं. पोटातून वळवते बघ."

"काय करणार?"

"वजडीचा मिरीदार रस्सा. आमच्याकडचा. तो खाऊन नाही म्हणणारा माणूस अजून जन्मला नाही."

डॉर्कसनं कपाळावर हात मारला. "अहो बाई, फिलाडेल्फियाला जाऊ नका म्हणायचं आणि वाढायचा फिलाडेल्फियाचाच रस्सा? माशाला नदी दाखवून घरात थांब म्हणताय होय!"

पण ऐकेल ती पर्डनबाई कसली? सकाळपासून चुलीपाशी उभी राहिली. वजडी घासूनपुसून शिजवली, वासराच्या पायाची हाडं घातली, मिरी सढळ हातानं टाकली, पिठाचे गोळे सोडले. वास रस्त्यापर्यंत गेला. टेबलाला सगळे बसले, थ्रॉलनी रिवाजाप्रमाणे पेला उपडा घातला आणि पहिला घास घेतला. डोळे मिटले. नाक लाल झालं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "राजधानी तिथं होती तेव्हा बाजाराच्या कोपऱ्यावर एक म्हातारी हा रस्सा विकायची. काय दिवस होते ते! काय शहर! जायलाच हवं परत."

बाईच्या हातातला डाव तसाच राहिला. इतक्यात समोरून गॅस्किननी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. त्यांनी हा पदार्थ जन्मात खाल्ला नव्हता.

"हे तिथं कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं?" त्यांनी विचारलं. "रोज? मग आपण या चिखलात काय करतोय? माझंही मत चला!"

"त्या गृहस्थांना सांगा," थ्रॉल म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलले!"

"त्या गृहस्थांना सांगा, आभारी आहे!"

करायला गेली काय आणि झालं काय! ज्या दोघांचं सूर्य उगवतो कुठं यावरही एकमत होत नव्हतं, त्यांचं एकमत झालं ते बाईचं घर बुडवण्यावर, आणि तेही तिच्याच रश्श्यावर. स्वयंपाकघरातून डॉर्कसचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता.

बाईचा पारा चढला. तिनं डाव भांड्यात आपटला.

"नाही सांगत!" ती म्हणाली. "आजपासून मी कुणाचा निरोप कुणाला सांगणार नाही. या टेबलाभोवती फिरून फिरून माझे गुडघे गेले. तुमच्या शिव्या मी साखरेत घोळायच्या, आणि तुम्ही माझ्याच अन्नाचा वास घेत माझ्या घरावर नांगर फिरवायचा? जा, खुशाल जा! तिथं गल्लीगल्लीला खाणावळी आहेत. तुमच्या लोकांची वेगळी, यांच्या लोकांची वेगळी. यांचं तोंडसुद्धा तुम्हाला दिसणार नाही, थ्रॉलसाहेब. सगळे तुमच्यासारखेच असतील, तुम्ही बोललात की माना डोलावतील. सुटाल एकदाचे!"

"उत्तमच!" थ्रॉल म्हणाले.

"फारच उत्तम!" गॅस्किन म्हणाले.

मग दोघांनीही चमचे खाली ठेवले. बाकीचे मान खाली घालून रस्सा ओरपत होते. बाई आत जाऊन डोळ्यांना एप्रन लावून बसली. डॉर्कसनं तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि काहीच टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी जेवताना बाई भिंतीला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून. मीठदाणी गॅस्किनपाशी होती. थ्रॉलनी बाईकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहू लागली. अळणी बीफचे चार घास त्यांनी कसेबसे गिळले.

"मीठ," शेवटी ते मीठदाणीला उद्देशून म्हणाले.

"मीठ काय? मीठ आहे," गॅस्किन म्हणाले.

"द्या इकडे."

"मागायची ही रीत कनेक्टिकटची वाटतं?"

"आणि माणसाला अळणी मारायची ही तुमची! देशाचंही हेच केलंत. जहाजं बांधून ठेवलीत, लोक उपाशी मारताय!"

"लोक? लोक नव्हेत, तुमचे सावकार!"

झालं! दोन महिन्यांचं तुंबलेलं धरण फुटलं. मीठदाणी गेली एकीकडे, बीफ गार झालं, मेणबत्त्या आल्या तरी दोघं टेबलावर मुठी आपटतच होते. थ्रॉलना दमा आठवला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आता दोघं जेवायला लवकर यायला लागले. एकदा गॅस्किनना सभागृहात उशीर झाला, तेव्हा थ्रॉल शेकोटीपाशी येरझाऱ्या घालत चारदा म्हणाले, "हा माणूस मेला की काय?" पेला मात्र रोज उपडाच.

"तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना," डॉर्कस म्हणाली.

"करमेना तर करमेना, मत तर चला असंच देणार ना?" बाई म्हणाली. तिनं आशा सोडली होती. टेबल पुन्हा गाडीवर चढेल का, की इथंच विकावं, असा विचार तिच्या डोक्यात चालला होता.

मतदानाच्या दिवशी ती आणि डॉर्कस सभागृहात प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसल्या. सभागृह नवंकोरं, पण आवाज इतका घुमायचा की खांबांमध्ये जाड पडदे सोडले होते. क्लार्क आडनावांच्या अक्षराप्रमाणे एकेक नाव पुकारत होता. ठरावाला हो म्हणजे चला, नाही म्हणजे राहा. हो, नाही, हो, हो. बाईनं डॉर्कसचा हात दाबून धरला.

"मिस्टर गॅस्किन!"

गॅस्किननी सभागृहापलीकडे बसलेल्या थ्रॉलकडे अधू डोळ्यानंच एकदा पाहिलं. "नाही!"

बाईला बरं वाटलं, पण क्षणभरच. गॅस्किन नाही म्हणाले म्हणजे थ्रॉल हो म्हणणार. देशात तेरा राज्यांची सतरा झाली तरी हे कधी चुकलं नव्हतं. नावं पुढे सरकत राहिली. थ्रॉलचं आडनाव शेवटाकडे. एरवी क्लार्कनं नाव पुरतं घ्यायच्या आत त्यांचं उत्तर यायचं.

"मिस्टर थ्रॉल!"

उत्तर नाही. क्लार्कनं मान वर केली. थ्रॉल उठून उभे होते, रुमालानं नाक पुसत.

"मिस्टर थ्रॉल?"

"नाही," थ्रॉल म्हणाले. पडदे असूनही तो शब्द छतापर्यंत घुमला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "त्यांना बरं नाहीये का?"

ठराव पडला. फरक थोडाच होता. बाईला रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम, आणि सज्जातल्या बाया तिच्याकडे बघत राहिल्या.

त्या दिवशी कापड निघालं, वाइन आली. या वेळी घरच्या बाईनं टेबलापाशी थांबायचं नसतं, म्हणून ती दाराकडे निघाली होती.

"थांबा बाई," गॅस्किन म्हणाले आणि पेला घेऊन उठले. "हे टेबल आणि हे घर सांभाळणाऱ्या बाईंच्या नावानं!"

सगळे थ्रॉलकडे पाहू लागले. थ्रॉलनी डागावरचा पेला उचलला, सुलटा केला, पुढे धरला. गॅस्किननी स्वतःच्या हातानं तो भरला, विजार सांभाळून.

"गैरसमज नको," थ्रॉल म्हणाले. "मी तुमच्या बाजूनं मत दिलेलं नाही. माझ्या खुर्चीच्या बाजूनं दिलंय. तिथं माझ्याशी कोण भांडणार? सगळे माना डोलावतील." मग बाईकडे वळून त्यांनी पेला उंचावला. "बाई, आम्ही दोन महिने तुम्हाला फार फिरवलं. चुकलंच आमचं."

बाई नुसती मान हलवून आत आली आणि चुलीपाशी स्टुलावर बसली. बाहेर जहाजबंदीवरून पुन्हा आरडाओरडा सुरू झाला होता.

"उद्या काय करायचं जेवायला?" डॉर्कसनं विचारलं.

"वजडीचा रस्सा."

"पुन्हा? अहो, अक्कल गहाण टाकलीत का?"

"कुणी विचारलं तर फिलाडेल्फियाचं नाव काढायचं नाही," पर्डनबाई नाक पुसत म्हणाली. "आमच्या चिखलातला आहे म्हणायचं. वॉशिंग्टनचा."