गाळलेल्या नोंदी

पीएचडीची शेवटची दोन वर्षं मी शहराच्या तरसाली भागातल्या आमच्या घरी, आईच्या टेबलावर काम केलं. अर्धं टेबल तिचं, अर्धं माझं. ती जुन्या शहरात वाडी भागातल्या एका दुकानासाठी साड्यांवर भरतकाम करून द्यायची. मी एका दूरच्या किनाऱ्याखालच्या भूकंपांच्या नोंदी तपासत होते. मोठे भूकंप नव्हेत. वर राहणाऱ्या माणसांना जाणवतही नाहीत असे बारके हादरे.

नोंदी दोन ठिकाणांहून आल्या होत्या, त्यामुळे एकच हादरा यादीत दोनदा येण्याची शक्यता होती. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. ज्या दोन हादऱ्यांच्या, यंत्राने काढलेल्या नागमोडी रेषा हुबेहूब जुळतील, त्यांतला एक गाळायचा. गाळलेल्या काही जोड्या छापून पाहिल्या. जुळत होत्या. माझं समाधान झालं आणि ती पानं मी आईला पाठकोरी म्हणून दिली.

मे महिन्यातल्या एका दुपारी ती खिडकीच्या काचेवर कागद धरून मोराचा नमुना उतरवत होती. हातात चुकून दोन पानं आली होती. उजेडात दोन्हीवरच्या रेषा तिला एकदम दिसल्या.

"अगं, एकच चित्र दोनदा कशाला छापलंस?"

"एकच भूकंप आहे तो. यादीत दोनदा आला होता."

"मग तारखा वेगळ्या कशा?"

मी उठून बघायला गेले. रेषेवर रेषा बसत होती, एकही चढउतार इकडचा तिकडे नव्हता. आणि दोन हादऱ्यांमध्ये आठ महिन्यांचं अंतर होतं. आईच्या गठ्ठ्यातल्या आणखी जोड्या काढल्या. त्यांतल्याही बऱ्याच तशाच.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, हेच वाईट. जमिनीखालच्या भेगेच्या दोन बाजू काही ठिकाणी इतक्या सावकाश सरकतात की हादरा बसतच नाही. मध्ये एखादा लहानसा तुकडा मात्र अडकून राहतो. आजूबाजूचं सरकत गेलं की त्याच्यावर ताण येतो, तो सुटतो, बारका हादरा देतो आणि पुन्हा अडकतो. जागा तीच, म्हणून रेषाही तीच. असे हादरे मोजले की भोवतालची जमीन किती सरकली याचा अंदाज येतो. मी नेमके तेच शोधून शोधून फेकून दिले होते. जुळणी तपासताना वेळही तपासायची, हे मला सुचलंच नव्हतं.

 दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मार्गदर्शक बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चूक कुठे झाली ते लिहून ठेव. आणि गाळलेलं सगळं परत काढ."

त्यात पावसाळा गेला. किनाऱ्याचा एक भाग शांत आहे असं मी एका प्रकरणात ठामपणे लिहिलं होतं. परत काढलेल्या नोंदींत त्याच भागात हादऱ्यांमधलं अंतर काही काळ कमी कमी होत गेलं होतं, मग पुन्हा वाढलं होतं. म्हणजे तिथली जमीन मध्येच जरा वेगाने सरकली होती, आणि वरच्या कुणाला पत्ताही नव्हता. ते प्रकरण मी रद्द केलं, नव्याने लिहिलं. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले, आणि ते टिकलं.

हे सगळं मी आईला सांगितलं तेव्हा तिने सुई खाली ठेवली. कच्छचा भूकंप झाला तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी तान्ही होते. त्या सकाळी मला उराशी धरून ती अनवाणी खाली धावली होती. तिने विचारलं, "मग आता आधी कळेल का?"

हो म्हणावंसं फार वाटलं.

"नाही. कुठे किती सरकतंय, याचा अंदाज येतो. मोठा कधी होईल, ते नाही कळत."

तिने सुईत दोरा ओवला. "असू दे," ती म्हणाली. "खोटं सांगितलं नाहीस, ते बरं केलंस."

मग साडीचा पदर माझ्याकडे सरकवून तिने तो ताणून धरायला सांगितलं.