चैत्रगौरीपुरतं डायरेक्ट

माझ्या बायकोचा जीव खराब ब्रेकरमुळे गेला, असं सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे.

सिकंदराबादजवळ तारनाक्याच्या कॉलनीत आमचं घर; तिथं सगळ्यांकडे एक म्हातारा इलेक्ट्रिशियन यायचा. गळतीचा करंट जाणवला की लाइन तोडणारा आमचा ब्रेकर त्यानंच बसवला होता. आठवड्याभरात तो रोज पडू लागला, घरातली वीज जाऊ लागली. म्हाताऱ्यानं मेगर, म्हणजे वायरीचं आवरण तपासायचं यंत्र, लावून पाहिलं आणि न्हाणीघराच्या भिंतीवर हात ठेवला.

"साब, अंदर वायर गल गया. दीवार खोलना पड़ता."

आत बायको चैत्रगौरीची आरास मांडत होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, परवा हळदीकुंकू आहे. फोडलेल्या भिंती दाखवू का बायकांना? रेल्वेत एवढी वर्षं दिवे लावलेत, चार दिवस घरात लावा की!"

म्हातारा हसला. जाताना मला हळूच म्हणाला, "भाभी बोले तो बोले. डायरेक्ट नक्को करो, साब."

मी रेल्वेत विजेच्या खात्यातच होतो. दुसऱ्यांच्या क्वार्टरमध्ये ब्रेकर टाळून केलेला असा डायरेक्ट जोड सापडला की मी नोटीस काढत असे. तरी त्या दुपारी ब्रेकरच्या खालच्या दोन्ही वायरी काढून मी थेट वर जोडल्या. बायकोला म्हटलं, "झालं दुरुस्त." हळदीकुंकू छान झालं. आंब्याची डाळ, पन्हं, साठेक बायका. चार दिवसांचा महिना झाला. ब्रेकर पडत नव्हता, म्हणून भिंतीची आठवणही येत नव्हती.

एका सकाळी तिनं न्हाणीघरातल्या लोखंडी नळाला ओला हात लावला.

डॉक्टर येण्याआधी मी मेन बंद केला आणि वायरी परत ब्रेकरला जोडल्या. तिला नुसतं झाकून ठेवलं होतं आणि मी स्टुलावर उभा राहून स्क्रू आवळत होतो. मग विचारणाऱ्या प्रत्येकाला म्हणालो, ब्रेकर पडलाच नाही.

कॉलनीनं म्हाताऱ्याला बोलावणं बंद केलं. चौदाव्या दिवशी तो आला. ब्रेकरचं टेस्टचं बटण दाबलं. ब्रेकर खट्कन पडला. त्यानं स्क्रूवरचे ताजे ओरखडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलून गेला.

गेल्या महिन्यात सिकंदराबादला त्याच्या घरी गेलो. आता तो एका गोदामावर पहारा करतो. मी सगळं सांगितलं.

"मेरे को तो उसी दिन मालूम हुआ, साब. कॉलनी को बोलो."

"लिहून देतो. कॉलनीच्या सभेत वाचतो."

त्यानं मान डोलावली. चहा निवत होता. मग विचारलं, "भाभी को मालूम था, डायरेक्ट है?"

"नाही," मी म्हणालो. "तिला दुरुस्त झालं म्हणून सांगितलं होतं."

तो उठून आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. मी निघून आलो. रविवारी सभा आहे. हा कागद तिथे वाचायचा आहे, आणि त्याचा तो प्रश्नसुद्धा.