राखणदाराचा वाटा

गोदूबाई माझी शेजारीण. वय बासष्ट, गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत. ती माणसांना अहो-जाहो करते आणि देवांना अरे-तुरे, कारण देव उलट बोलत नाहीत.

जूनमध्ये तिने रत्नागिरीहून एका दिवसाची वीस पिल्लं एसटीने आणली. टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात भाताचं तूस पसरलं, वर शंभरचा बल्ब टांगला. पिल्लं बल्बखाली गोळा झाली की बल्ब खाली, कडेला पळाली की वर. दिवसभर हाच उद्योग. नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणातही एवढं केलं नाही, हे ती स्वतःच सांगते.

आठव्या दिवशी भरदुपारी वादळात विजेचा खांब आडवा झाला. दोन दिवस वीज नाही. गोदूबाईने गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवल्या आणि वेशीवरच्या राखणदार देवाला, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी, हाक मारली. "माजी पोरां वाचव रे! पयला आरवंल तो कोंबडा तुजा!"

एक पिल्लू मान टाकून पडलं होतं. ते तिने पदराखाली पोटाशी धरलं आणि दोन दिवस तसंच वागवत घरकाम केलं.

वीसही जगली. पदराखालचं पायाने अधू राहिलं, नर निघालं आणि ऑक्टोबरात सगळ्यांच्या आधी तेच आरवलं. गोदूबाई दारात बसून ढसाढसा रडली. नवरा गेला तेव्हा अशी रडली नव्हती. मी होतो तिथे.

दिवाळीनंतर राखण द्यायचा, म्हणजे राखणदाराला कोंबडा कापायचा दिवस आला. गावातर्फे गाऱ्हाणं घालणारा रामा सुरी घेऊन उभा होता. गोदूबाई आली ती दुसराच धष्टपुष्ट कोंबडा काखेत मारून.

"गोदूकाकी, बोललीस तो ह्यो न्हवं," रामा म्हणाला. "देवाला समाजता."

"समाजता ना? मग ऐकू दे त्याला." ती राखणदाराच्या दगडासमोर जाऊन उभी राहिली. "एकोणीस तू वाचवलंस, इसावा मी. तुज्यातला पयला आरवला तो ह्यो. माजा मागू नको."

रामा दगडाकडे बघत राहिला. दगड काही बोलला नाही. सुरी फिरली, रस्सा झाला, आम्ही सगळे पोटभर जेवलो.

त्यानंतर पंधरा दिवस गोदूबाई उजाडायच्या आधी खुराड्यापाशी जाऊन बसायची. लंगडा आरवला की मगच चूल पेटवायची. अंथरुणात माझेही कान तिकडेच असायचे.