उपडा तांब्या

भूकंपानंतर लातुरात घरोघरी एक रीत पडली होती. झोपायच्या आधी आई जमिनीवर तांब्या उपडा घालायची आणि त्यावर स्टीलचा पेला ठेवायची. धरणी हलली की पेला पडणार, आणि त्या आवाजानं आम्ही बाहेर पळणार.

पुढं गावात क्लासेसचं पेव फुटलं. भावानं त्याच जुन्या भिंतींवर तीन मजले चढवले आणि जळकोट-नायगावची पोरं भाड्यानं ठेवली. ती पहाटे जिन्यावरून धडाधडा उतरली की पेला खणकन पडायचा.

भाऊ वैतागला. "आई, उचल ते. पोरांचा अभ्यास मोडायलाय."

माझं डोकं फिरलं. "एवढं ओझं ह्या भिंती पेलतील का, कुणाला विचारलंस?"

तो हसला. "ह्यातलंच एखादं पोरगं उद्या भूकंप आधी सांगणारं यंत्र काढंल बघ. लई हुशार हायत."

काढीलही. माणूस फार लांब जाणार आहे, यावर माझाही विश्वास आहे. पण तोवर ते पोरगं जगायला नको का?

आईनं पेला धुऊन पोरांच्या माठावर ठेवला. स्वतःचं अंथरूण मात्र ती तेव्हापासून अंगणात टाकते.