गरिबाघरची टेराप्लेन

जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या अकोले गावाहून आलेल्या एका ओळखीच्या शिक्षकाने कर्जतच्या स्टँडवर मला गाठलं आणि सांगितलं, "तुमचे सॅम्युअल मास्तर गेले. झोपेतच." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "आणि गाडी?" ज्यांनी मास्तरांना पाहिलं आहे, त्यांना यात काही विचित्र वाटणार नाही...

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो, शेजारी राहायचो. मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन पाद्रीबाबांनी मास्तरांच्या वडिलांना आपली जुनी टेराप्लेन मोटार जवळजवळ फुकटच दिली होती. लांब नाक, पुढे धबधब्यासारख्या उतरणाऱ्या चकचकीत पट्ट्या, गोल मडगार्ड. कर्जतच्या धुळीत ती उभी राहिली की एखादा संस्थानिक वाट चुकून आल्यासारखं वाटे. लोक लांबूनच नमस्कार करत. कोणाला ते गाडीला माहीत.

"नाना, ही राजाची गाडी नाही," मास्तर मला सांगत. "तिकडे मंदी आली, बँका बुडाल्या, माणसं बेकार झाली. त्या दिवसांत अशा गाड्या निघाल्या. किंमत कमी, पण रूप असं की पैसे गेलेल्या माणसानेही ताठ मानेने चर्चला जावं. दार आपटू नका, गरिबाघरची आहे."

मी त्यांची भरपूर थट्टा केली. सायकलवर शाळेला जायचं आणि रविवारी मोटार पुसायची, हे मला अजब वाटे. माझी थट्टा थांबली ती गेल्या उन्हाळ्यात.

दुष्काळ ऐन भरात होता. शाळेमागच्या सडकेवर खडी फोडणाऱ्या किसनच्या मुलीचं, कमलचं लग्न ठरलं. ती मास्तरांची विद्यार्थिनी. नवरदेव राहुरीकडचा, पाटाच्या पाण्यावरचा बागायतदार. किसन दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, मांडवात काय बी न्हाई. निदान पोरगी मोटारीतनं गेली तर ती मान्सं हसायची न्हाईत."

मास्तरांनी शब्द दिला. आणि नेमक्या लग्नाच्याच दिवशी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांना तलावाच्या भूमिपूजनासाठी मिरवणूक हवी होती. बैल चारा-छावणीत होते, म्हणून मोटार हवी होती. त्यांचा माणूस आला.

"साहेबांनी गाडी मागितलीय."

"त्या दिवशी तिला लग्नाला जायचंय."

"लगीन टेम्पोतनं बी हुईल की!"

"भूमिपूजन दुसऱ्या दिवशीही होईल. जमीन काही पळून जात नाही."

"मास्तर, बदल्यांचे दिवस जवळ आलेत बरं का."

"मग साहेबांना सांगा, गाव थंड हवेचं बघा."

लग्नात तांदूळ कुठला? रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, होता. किसनच्या बायकोने त्यालाच हळद लावून अक्षता केल्या. नवऱ्याकडचा एक मामा तळहात पुढे करून म्हणाला, "तांबड्या अक्षता? असलं आमी न्हाई पाह्यलं बुवा." किसन खाली बघू लागला. मास्तर शांतपणे म्हणाले, "मामा, अमेरिकेच्या आहेत. गाडी तिकडची, मग अक्षता इथल्या कशा चालतील?" मांडव हसला, मामाही हसला. कमल गाडीत बसली तेव्हा उरलेला सगळा मिलो तिच्यावर पडला.

पावसाळ्याच्या तोंडावर मास्तरांची डोंगरातल्या अकोले गावी बदली झाली. हवा खरोखरच थंड होती. साहेबांनी विनंती मान्य केली म्हणायची. "गाडी विकून टाका," मी म्हणालो. "बदली माझी झालीय, नाना. पण तिला एकटीला कुणाच्या भरवशावर सोडू?" अख्खा जिल्हा ओलांडून ती गेली. वाटेत रेडिएटर उकळला, मार्थावहिनी झाडाखाली बसल्या, मास्तर पाणी मागत हिंडले. पाणी देणारे गाडीला हात लावून बघत होते, असं त्यांनी नंतर कौतुकाने सांगितलं.

मी पोचलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं. वहिनींनी गाडीवरची ताडपत्री काढली. मी मागच्या सीटच्या फटीत बोट घातलं, तर हाताला दाणे लागले. लाल, हळदीचा डाग अजून ओळखू येणारे.

"झाडू लावू देत नसत," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, पोरगी अजून बसलेलीच आहे मागे."

मी दाणे होते तिथे परत ठेवले आणि दार लावलं. हळूच... गरिबाघरची आहे.