धाकटीचा उंच बूट

माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या मांडीचं हाड जन्मतःच आखूड. पोटात असतानाच ते वाढायचं राहिलं, असं डॉक्टर म्हणाले होते. तो पाय वीतभर वर राहायचा, म्हणून ठाण्यातल्या एका चांभाराने तिला जाड लाकडी तळाचा, चामड्याचा बूट करून दिला होता. तो घातला की ती चालायची. काढला की भिंत धरून लंगडी, नाहीतर बसून सरकणं. आई ओल्या फडक्याने त्याचा तळ पुसायची आणि पोरगी घरभर बुटासकट हिंडायची. कुणाला काही वाटत नसे.

मग मी लग्न होऊन डोंबिवलीला आले. पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी चाळीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. माझे हलव्याचे दागिने धाकटीने महिनाभर खपून स्वतः केले होते. ते माझ्या अंगावर बघायचे म्हणून ती हट्टाने आली. वडिलांनी तिला दारापर्यंत सोडलं.

खोली बायकांनी भरलेली, आणि दारात ठक ठक. पाच-सहा माना वळल्या. मला मेलं कसंतरीच झालं. ही आता चामडं घालून हळदीकुंकवात शिरणार, आणि उद्या चाळभर माझी शोभा! मी लगबगीने उठले आणि तिच्या कानाशी म्हटलं, "अगं, तो बूट बाहेर काढ ना."

काढला तर एवढ्या बायकांसमोर तिला सरकत यावं लागेल, हे मला ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं! ती तशीच मागे वळली. बाहेर गॅलरीत, चपलांच्या ढिगाशेजारी बसली. तिथून माझा पाटसुद्धा दिसत नव्हता. मी आत जाऊन बसले, हसले, वर झोकात उखाणाही घेतला.

थोड्या वेळाने सासूबाई बाहेर डोकावल्या. "अगोबाई! हिला इथे कुणी बसवलं? ऊठ बाळ, बुटासकट ये. तो पायच आहे तुझा."

मी मागोमाग दारात आले होते. मी पदर सारखा करत राहिले. धाकटीच म्हणाली, "कुणी नाही हो. आत उकडत होतं, म्हणून मीच बसले."

पौषातली थंडी ती. तिच्या दंडांवर शहारे आलेले मला दिसत होते. आणि मी मेली म्हणते काय, "हो ना, आत फारच उकडतंय."