जपानी झाडूच्या सातव्या जुडीसाठी वफ्रा

स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: बायकोच्या शिलाई मशीनचं टेबल, बाल्कनीतला झोपाळा, दोन पोळपाट, एक विळी (पात्यासकट), चपलांचं कपाट. शिक्षण कशाचंच नाही. बघितलं, खोललं, समजलं. त्यात आता एका जपानी झाडूचा सातवा भाग.

इथे आखातात, सालमियात आमच्या वरच्या मजल्यावर मोरी-सान राहतात. त्यांचा झाडू त्यांच्या आईने दिलेला, वीस वर्षांचा. ताडासारख्या झाडाच्या तंतूंच्या सात जुड्या, तांब्याच्या तारेने आवळलेल्या. बघायला म्हणून मागून आणला आणि आत काय आहे ते कळावं म्हणून एका जुडीची तार सोडली. जुने तंतू हातातच मोडले. गुरुवारी मोरी-सान कायमचे जपानला निघणार होते.

"आता वर जाऊन काय सांगणार?" बायकोने विचारलं. मी सलीमभाईंना फोन लावला.

सलीमभाई रत्नागिरीचे, शुवैखला हार्डवेअरचं दुकान. शुक्रवारची सुट्टी असूनही त्यांनी माझ्यासाठी शटर वर केलं. तांब्याची तार, पाऊण मिलिमीटर, एक दिनार. मग तंतूंसाठी त्यांच्याच पिकअपमधून वफ्रा, भाजीच्या आणि खजुरांच्या शेतांचा भाग, सव्वा तास. सकाळी लवकर निघा, नंतर भाजी घेणाऱ्यांची गर्दी होते. वाटेत करक चहा, दीडशे फिल्स, वेलची सढळ.

"लोक वफ्र्याला टोमॅटो आणायला जातात. तुम्ही झाडूला!" सलीमभाई म्हणाले.

"टोमॅटो पण घेऊ."

"घ्याच. घरी दाखवायला काहीतरी हवं."

त्यांच्या ओळखीच्या शेतावर अबू हसन नावाचे इजिप्शियन म्हातारे खजुरांची निगा राखतात. खोडाभोवतीचं तपकिरी जाळं त्यांनी कापून दिलं. हातात घेतल्यावर गोणपाटच वाटतं. मी तिथेच बसून ते लोखंडी फणीने विंचरलं, नारळाच्या काथ्यासारखं सुटं केलं आणि जुडी बांधली. झटकली. अर्धी जुडी मातीत. दुसरी बांधली, तेच.

"ला, ला! खल्ली!" अबू हसन किटली घासता घासता ओरडले.

"म्हणतायत, राहू दे, फाडू नकोस," सलीमभाई म्हणाले. "कोकणातला माणूस, दिसलं की काथ्या करणार!"

मी किटलीकडे बघितलं. त्यांच्या हातात तेच जाळं होतं, अख्खं, घट्ट गुंडाळलेलं. काळी किटली लखलखत होती आणि एक तंतू सुटत नव्हता. म्हणजे आधी गुंडाळायचं, मग आवळायचं, विंचरायचं ते फक्त टोक. मोरी-सानांच्या झाडूतही हेच असणार. खोलून मी नेमकं तेवढंच बघितलं नव्हतं.

तिसरी जुडी झटकली. काही पडलं नाही. "बस, आता जुम्मा चुकेल," सलीमभाई म्हणाले.

घरी येऊन तारेचे पंधरा वेढे घातले, उरलेल्या सहा जुड्यांवर मोजून. सातवी रंगाने फिकी, जरा राठ. बुधवारी वर गेलो आणि आधी ते सांगितलं: मीच खोलला, मीच मोडला, ही जुडी वफ्र्याची आहे.

मोरी-सानांनी अंगठ्याने वेढे मोजले. उंबऱ्यापाशीची वाळू झाडली. मागे वळून लादी बघितली.

"आईला दाखवीन," ते म्हणाले. "तिला हीच जुडी आधी दिसेल."

उरलेलं जाळं आता आमच्या सिंकपाशी असतं. पोळपाट त्यानेच घासतो, गुंडाळून.

त्या बुधवारी मी निघताना मोरी-सानांनी दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं. मी दोन्ही हातांनी परत केलं. त्यात दुरुस्तीचे म्हणून चाळीस दिनार होते.